समिती नेमण्यात आली आहे

दिवाळी अंकात कडू काही लिहू नये, असा एक संकेत आहे. संपादक तसे उघड सांगत नाहीत. 'जरा प्रसन्न काहीतरी पाठवा' एवढेच पत्रात लिहितात, आणि लेखकाने काय ते ओळखायचे असते. मला हा संकेत मान्य नाही. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट चिरडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात, आणि मग फराळाला बसतात. कडू चाखल्यावाचून गोडाला हात घालायचा नाही, एवढे शहाणपण आपल्या आजीपणजीला होते. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडण्यापूर्वी हे एवढे कारीट जिभेला लावून घ्या.

विषय असा की, पोटासाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईला कामाच्या जागी जो छळ सोसावा लागतो, तो थांबावा म्हणून आपल्या सरकारने काय केले? या प्रश्नाचे सरकारी उत्तर एका वाक्यात मिळते. 'समिती नेमण्यात आली आहे.' मी शाळेत मराठी शिकवते. कर्ता कसा ओळखावा, हे मुलांना सांगताना आम्ही शिक्षक एक युक्ती देतो : क्रियापदाला 'णारा' लावा आणि 'कोण' असे विचारा. पळणारा कोण? खाणारा कोण? आता हीच युक्ती या सरकारी वाक्यावर चालवून पाहा. नेमणारा कोण? उत्तर नाही. वाक्य पूर्ण आहे, क्रियापद आहे, शेवटी पूर्णविरामही आहे. माणूस मात्र कोठेच नाही. आणि गुन्ह्याचे वाक्यही आपण असेच रचतो. 'तिच्यावर अन्याय झाला.' झाला! पाऊस झाला, उशीर झाला, तसा अन्याय झाला. करणाराही कोणी नाही आणि निवारणाराही कोणी नाही. अशा दोन निनावी वाक्यांच्या मध्ये बाई उभी आहे.

हे मी उगाच शब्दांचे खेळ म्हणून लिहीत नाही. गेल्या वर्षी ओळखीच्या एका मुलीसाठी मी एका सरकारी कचेरीत गेले होते. मुलगी चार नोकरांच्या दुकानात हिशेब लिही. मालकाचे वागणे सांगण्यासारखे नव्हते. अशा लहान दुकानातल्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे मी वाचले होते; तेव्हा तिच्या अध्यक्षबाई कोण, एवढेच मला विचारायचे होते. कारकून सभ्य होते. म्हणाले, "बाई, समिती नेमण्यात आली आहे."

"छान. त्यात कोण कोण आहेत?"

"ते यादीत असेल."

"यादी कोठे आहे?"

"ती साहेबांकडे. साहेब दौऱ्यावर आहेत."

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला यादी मिळाली. तीत ज्या बाईंचे नाव अध्यक्ष म्हणून होते, त्यांना मी दूरध्वनी केला, तर त्या गाव सोडून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. तोवर त्या मुलीने नोकरी सोडली होती. वडिलांनी सांगितले, 'झाले ते झाले. आता तिच्या लग्नाचे बघतो आहोत.' असा त्या प्रकरणाचा निकाल लागला. मालकाचे दुकान यंदाच्या दिवाळीतही रोषणाईने झगमगते आहे.

आता मागे जाऊन पाहू. कारण या कायद्याचे मूळ ज्यांना ठाऊक नाही, त्यांना तो दिल्लीच्या कोणा दयाळू मंत्र्याने स्त्रियांना घातलेली ओवाळणी वाटतो.

राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे खेडे आहे. तेथील भंवरी देवी ही कुंभार जातीची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करी. गावातले बालविवाह थांबवायचे, हे तिला नेमून दिलेल्या कामांपैकी एक. तिने ते काम मनापासून केले. एका तान्ह्या मुलीचे लग्न होऊ नये म्हणून खटपट केली. सप्टेंबर १९९२ मध्ये तिने फिर्याद दिली की, गावातल्या पाच जणांनी सूड म्हणून आपल्या नवऱ्याला मारहाण केली आणि आपल्यावर बलात्कार केला. नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

येथे एक प्रश्न उभा राहिला. ही बाई सरकारने सांगितलेले काम करीत होती, आणि त्या कामापायी तिच्यावर हे संकट आले. मग तिची काळजी वाहण्याची जबाबदारी कोणाची? 'विशाखा' आणि इतर स्त्रीसंघटना हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पुरी होण्याच्या दोन दिवस आधी, न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश वर्मा यांच्यासह बसलेल्या त्या पीठावर सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती. न्यायालयाने म्हटले की, निर्भयपणे काम करता येणे हा स्त्रीचा घटनादत्त हक्क आहे. संसदेने कायदा केलेला नाही, म्हणून तो होईपर्यंत आम्ही घालून देतो ते नियमच कायद्यासारखे पाळावेत.

होईपर्यंत! हा 'होईपर्यंत' सोळा वर्षे लांबला. निकालाच्या दिवशी जन्मलेली मुलगी कायदा अमलात येईतो शालान्त परीक्षेला बसण्याजोगी झाली. मधल्या काळात नियम पाळले जातात की नाही, हे पाहायला कोणी नव्हते. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या अर्जावर न्यायालयाला ऑक्टोबर २०१२ मध्ये पुन्हा बजावावे लागले की, आमचे १९९७ चे नियम नुसते कागदावर ठेवू नका. मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुण मुलीवर जे घडले, त्याने सारा देश रस्त्यावर उतरला, आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये कायदा मंजूर होऊन ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. म्हणजे एका कुंभारणीची वेदना, काही संघटनांची चिकाटी, एका पुणेकर बाईंचा अर्ज आणि रस्त्यावर उतरलेला लोकक्षोभ, एवढे सारे इंधन लागले, तेव्हा कोठे सरकारी चूल पेटली.

आपल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. रविवारची सुटी आपण आज सूर्योदयासारखी नैसर्गिक मानतो. पण मुंबईच्या गिरणीकामगारांना ती १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि सह्या यांचा धोशा लावला म्हणून. मालकाच्या मनात एके सकाळी दया उपजली आणि त्याने भोंगा बंद ठेवला, असे झालेले नाही. हक्क मागून मिळतो, आणि मिळालेला हक्क रोज वापरला नाही तर तो गंजतो. २०१३ च्या कायद्याचे आज नेमके हेच चालले आहे.

कायदा वाईट आहे का? मुळीच नाही. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही, तरी शब्दकोश शेजारी घेऊन मी तो वाचला, आणि वाचून मला आनंद झाला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात, आणि एक सभासद बाहेरचा, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला हवा, म्हणजे सारे साहेबाच्या ताटाखालचे मांजर होऊ नयेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करावी. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी. चौकशी चालू असता बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. समितीचा हुकूम सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावा. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तसेच केले तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द होण्याची पाळी. आणि छळ म्हणजे केवळ अंगाला हात लावणे नव्हे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगून ठेवले आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या. पगारी, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, एवढेच काय, बिनपगारी सेवाभावाने काम करणारी बाईसुद्धा या कायद्याच्या छत्राखाली येते. घरकाम करणारी येते. ज्याने कोणी ही व्याख्या लिहिली, त्याच्या डोळ्यांपुढे भंवरी देवी असली पाहिजे, असे मला वाटते.

मग घोडे पेंड खाते कोठे? ते छत्र उघडणाऱ्या हातापाशी. कायदा येऊन जवळजवळ दहा वर्षे झाल्यावर, मे २०२३ मध्ये, गोवा विद्यापीठातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्या निमित्ताने न्यायालयाने एका वृत्तपत्रातील बातमीची दखल घेतली : देशातल्या तीस राष्ट्रीय क्रीडासंघटनांपैकी सोळांमध्ये कायद्याने सांगितलेली समितीच नव्हती. त्याच वर्षी देशाला पदके मिळवून देणाऱ्या कुस्तीगीर मुली दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या होत्या. ज्यांच्या मनगटात आखाडा गाजवण्याचे बळ, त्यांनाही तक्रार ऐकणारे माणूस सापडण्यासाठी पदपथावर बसावे लागले. मग बाजारपेठेतल्या हिशेब लिहिणाऱ्या पोरीची काय कथा? डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा तारखा नेमून दिल्या : प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत नेमा, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापा. अकरा वर्षांपूर्वीच्या कायद्यातले पहिले पाऊल टाकायला न्यायालयाने अशी मुदत घालावी लागते! माझ्या वर्गातल्या मुलाने जूनमधला गृहपाठ मार्चमध्ये दाखवला, तर मी त्याच्या पालकांना बोलावते. येथे पालक कोण? सरकारच.

आणि अहवालांची गत काय? केरळ सरकारने २०१७ साली आपल्या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांचे हाल जाणून घेण्यासाठी न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीने आपले काम केले. ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल सरकारच्या हाती दिला. तो लोकांना वाचायला मिळाला १९ ऑगस्ट २०२४ रोजी, तोही काही मजकूर वगळून. साडेचार वर्षांहून अधिक काळ ती साक्षीदार स्त्रियांची वाक्ये कपाटात कुलूपबंद होती. बायकांनी धीर करून बोलावे, हा उपदेश आपण व्यासपीठावरून करतो. त्या बोलल्या होत्या. ऐकणाऱ्याने कपाटाला कुलूप घातले.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. हा कायदा जन्माला आला खेड्यातल्या एका गरीब बाईच्या फिर्यादीतून, आणि जाऊन बसला शहरातल्या थंड हवेच्या कचेऱ्यांत. मोठ्या कंपन्यांतून आज समित्या आहेत, व्याख्याने होतात, भिंतीवर सुबक फलक आहेत. ते असावेतच, तेथील मुलींनाही छळ सोसावा लागतो. १९८८ साली चंदिगढमध्ये एका मेजवानीत पंजाबच्या पोलीसप्रमुखांनी केलेल्या वर्तनाविरुद्ध रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी बाईंना २००५ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले. तेव्हा पद मोठे म्हणून वाट सोपी, असे नाही. पण ज्यांच्यापाशी पद नाही, पत्र नाही, हजेरीपुस्तकात नावही नाही, अशा स्त्रियांची संख्या या देशात कितीतरी मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी कायद्याने एकच दार ठेवले आहे : जिल्ह्याची स्थानिक समिती. तेच दार बंद, किंवा त्याच्या किल्ल्या दौऱ्यावर.

ऊसतोडणी कामगाराचेच पाहा. तुम्ही हा अंक वाचीत असाल, त्या दिवसांत बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात निघालेल्या असतील. तेथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. बाई अर्धा कोयता! उचल मुकादमाकडून घेतलेली, तीही बहुधा नवऱ्याच्या हाती पडलेली. काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. राहायला उसाच्या फडाशेजारी कोपी, अंघोळीला आडोसा नाही, अंधारात उठून जायचे. तेथे मुकादमाने किंवा गाडीवानाने हात धरला, तर तिने काय करावे? कारखाना म्हणतो, ही आमची माणसे नव्हेत, वाहतूक ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, मुकादमाची. मुकादम म्हणतो, माझी कसली, मी उचल दिली आहे. कंत्राटी मजूर हा कर्मचारीच, मग मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो, असे कायदा स्वच्छ सांगतो. पण ते तिला सांगणार कोण? तक्रार तीन महिन्यांत करायची. तोवर ती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. तालुक्यातालुक्याला तक्रार घेणारा एक अधिकारी असावा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पोचवावी, असेही कायद्यात आहे. एखाद्या कारखान्याच्या गेटावर त्या अधिकाऱ्याचे नाव लिहिलेले कोणी पाहिले असेल, तर त्या कारखान्याच्या चेअरमनांचा मी जाहीर सत्कार करीन.

सरकार स्वतः मालक आहे, तेथे तरी काय? अंगणवाडीसेविका १९७५ पासून आणि आशाताई २००५ पासून सरकारची कामे घेऊन दारोदार जातात. त्यांना पगार नाही, 'मानधन' मिळते. साथिन भंवरी देवीलाही मानधनच होते. कामाची वेळ आली की त्या सरकारच्या, हक्काची वेळ आली की त्या स्वयंसेविका. रात्रीअपरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या आशाताईला वाटेत कोणी छळले, तर तिचे कामाचे ठिकाण कोणते, तिची समिती कोणती? कामानिमित्त जेथे जावे लागते ते ठिकाण आणि तेथवरचा मालकाने पुरवलेला प्रवास कायद्याने कामाच्या जागेत धरला आहे. मालकाने तिला वाहन दिले नाही, म्हणून ती वाट कोणाचीच नाही, असे म्हणायचे काय? ज्या प्रश्नापासून १९९२ मध्ये हे सारे सुरू झाले, तो प्रश्न तेथेच उभा आहे.

आणि आता, वाचकहो, आपले घर. रागावू नका. घरकाम करणारी बाई जेथे काम करते ते घर हे कायद्याने 'कामाचे ठिकाण' आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराचा ओटा ही एक आस्थापना आहे आणि आपण मालक आहोत. दिवाळीत तिच्याकडून डबे घासून घेतो, जाळी काढून घेतो, फराळाचे ताट आणि एक साडी देतो, आणि ती आपल्या घरातलीच आहे असे कौतुकाने म्हणतो. घरातलीच! पण घरातला कोणी पुरुष तिच्याशी वाईट वागला, तर पहिला संशय कोणावर घेतो? आणि तिची तक्रार गेलीच, तर इतर कर्मचाऱ्यांसारखी समितीपुढे सारी चौकशी तिच्या वाट्याला येत नाही. सकृद्दर्शनी तथ्य दिसले की समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची, एवढेच कायदा सांगतो. पोलीसचौकीची पायरी चढणे तिला किती सोपे आहे, हे तिच्या वस्तीत एक चक्कर मारली तर कळेल. चार घरची कामे एका दिवसात सुटतात, कारण बायका एकमेकींना सांगतात, 'ती ना, पोलिसात जाणारी आहे.' हे सांगणारे पुरुष नसतात.

या विषयावर बोलू लागले की काही ठरलेले आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

पहिला आक्षेप : बायका कायद्याचा दुरुपयोग करतात. ज्यांनी हे म्हटले त्यांनी कायद्याचे चौदावे कलम वाचलेले नसते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या बाईवर कारवाईची तरतूद त्यात आहेच. मात्र आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, हेही तेथेच लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. साक्षीदार ठेवून कोणी कोणाचा पदर ओढीत नाही. आरोपीला बाजू मांडण्याची पुरती संधी मिळाली पाहिजे, याबद्दलही माझे दुमत नाही. वर सांगितलेल्या गोव्याच्या प्रकरणात चौकशी घाईने उरकली म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ती पुन्हा समितीकडे पाठवावी लागली. अडाणी समिती आरोपीवर अन्याय करते आणि तक्रारदार बाईलाही पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन उभी करते. तेव्हा दुरुपयोगाची ज्यांना खरीच भीती वाटते, त्यांनी चांगल्या, शिकवून तयार केलेल्या समित्यांची मागणी माझ्याआधी केली पाहिजे. ते ती करीत नाहीत. यावरून त्यांची भीती कशाची आहे ते ओळखावे.

दुसरा आक्षेप : एवढे होते तर तिने नोकरी सोडावी. सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघत, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. शाळेची वाट ही त्यांच्या कामाचीच वाट होती. त्यांनी नोकरी सोडली असती तर आज मी शिक्षिका नसते, आणि हा अंक हाती घेऊन बसलेल्या तुमच्या घरातल्या निम्म्या माणसांना अक्षरओळख नसती. ज्याने गुन्हा केला त्याची खुर्ची शाबूत ठेवायची आणि जिला त्रास झाला तिने डबा उचलून घरी यायचे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

तिसरा आक्षेप जरा सभ्य आहे : साहेब सगळ्यांवरच ओरडतो, पुरुषांनाही अपमान सोसावा लागतो, त्याचे काय? हा आक्षेप मी आनंदाने स्वीकारते. २०१९ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कामाच्या जागी होणारी हिंसा आणि छळ, मग तो कोणाचाही आणि कोणत्याही प्रकारचा असो, यांविरुद्ध एक करार केला. आपला २०१३ चा कायदा केवळ स्त्रीच्या लैंगिक छळापुरता आहे. जातिवाचक शिवीगाळ झाली तर अनुसूचित जातिजमातींसाठी १९८९ चा कायदा आहे. पण रोज चारचौघांत लायकी काढणे, हक्काची रजा अडवणे, शिक्षा म्हणून दिवसभर बिनकामाचे बसवून ठेवणे, या छळांसाठी एक सरळ कायदा नाही. तो व्हावा. पुरुषांनी तो मागावा, आम्ही सही करू. मात्र आमच्या तोंडावर बोट ठेवण्यासाठी या प्रश्नाचा वापर करू नये.

चौथा आक्षेप : सरकार कोठे कोठे पुरे पडणार? मी काही अशक्य मागत नाही. जिल्ह्याच्या समितीतल्या स्त्रियांची नावे आणि दूरध्वनी एसटीच्या स्थानकावर, शिधावाटप दुकानावर, ग्रामपंचायतीत, साखर कारखान्याच्या गेटावर मराठीत रंगवून लिहा. रंगाचा एक डबा पुरेल. गळीत हंगामात तालुक्याच्या अधिकाऱ्याने आठवड्यातून एकदा फडावर जावे. तीन महिन्यांची मुदत वर्षाची करा. ज्या बाईला आपल्याला काय झाले हे स्वतःच्या आईला सांगायला सहा महिने लागतात, तिला तीन महिन्यांचे घड्याळ दाखवू नका. घरकाम करणाऱ्या बाईलाही समितीपुढे पूर्ण चौकशीचा हक्क द्या. समितीतल्या सभासदांना शिकवा, आणि दर वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, हे जिल्हावार छापा. केंद्र सरकारने तक्रारींसाठी २०१७ मध्ये 'शी-बॉक्स' नावाची संगणकावरची पेटी काढली आणि २०२४ मध्ये ती नव्याने मांडली. चांगले केले. पण पेटीत पडलेले पत्र वाचणारे माणूस ज्या जिल्ह्यात नाही, तेथे पेटी कितीही नवी असली तरी ती पेटीच.

सरकारला एवढे सुनावल्यावर घराकडे वळते. भाऊबीजेला बहीण ओवाळील, तेव्हा ताटात नोट टाकण्याआधी तिला एक प्रश्न विचारा : तुझ्या कामाच्या जागी समितीत कोण आहे, तुला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर सुटी संपल्यावर तिच्याबरोबर जाऊन तो फलक शोधा. फलक नसेल तर लेखी विचारा. आणि ती कधी घरी येऊन म्हणाली की, 'दादा, मला तिथे त्रास होतो,' तर 'तू काय केलेस?' असे तोंडून निघू देऊ नका. 'करणारा कोण?' एवढेच विचारा. त्याचे नाव कागदावर तारखेसह लिहून घ्या. पुढचे सारे कामकाज त्या एका नावावर चालते, आणि तीन महिने फार लवकर संपतात.